शेटच्या बरणीतली गोळी

बोरदरीत रंभाजीशेटच्या दुकानात दोन बरण्या होत्या. एकीतल्या लिमलेटच्या गोळ्या पोरं खात आणि दुसरीतल्या पांढऱ्या गोळ्या म्हातारी माणसं. ताप येवो नाहीतर गुडघे दुखोत, शेट तीच गोळी पुडीत बांधून देई. वर म्हणे, "डॉक्टर काय सोन्याची देतो?"

कोंडाबाईच्या नवऱ्याने कंबरदुखीवर दोन वर्षं त्याच गोळ्या खाल्ल्या. एके दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यातच तो वारला. या गोळ्यांनीच पोट जाळलं, असं डॉक्टर म्हणाला. तेव्हापासून कोंडाबाई भाकरी एकटीपुरती थापे, पण चहा मात्र रोज चुकून दोघांचा टाके. फडताळात त्याच्या शेवटच्या पुडीतली एक गोळी उरली होती. ती तिला टाकवत नव्हती.

मग एकदा शेटची म्हैस आडवी झाली. अर्धा गाव गोठ्यापाशी जमला. शेट फोनवर गुरांच्या डॉक्टरला विनवण्या करत होता. कोंडाबाई फडताळातली पुडी घेऊन पुढे झाली आणि तिने ती सोडून त्याच्यासमोर धरली.

"शेट, ही द्या तिला. तुमच्याच बरणीतली आहे."

"डोकं फिरलं का तुझं, कोंडाबाई?" शेट उखडला. "डॉक्टरनं बघितल्याबिगर काहीबाही देऊन चालतं होय? एकच म्हैस आहे माझी."

कोंडाबाईने ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"माझाबी एकच होता, शेट."

त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदाच एकटीचा चहा टाकला.