गुणी पाडस आणि उनाड करडू

एका माळरानावर काळविटांचा एक कळप राहत असे, आणि साऱ्या माळावर अक्कल फक्त आपल्यालाच आहे अशी त्यातल्या म्हाताऱ्यांची खात्री होती. एका सकाळी लांडगा आला. कळप उधळला. एक कोवळं पाडस तेवढं कुसळी गवतात अंग चोरून पडून राहिलं. लांडग्याने त्याला अगदी तोंडाजवळ येऊन हुंगलं. लाळ कानावर टपकली. तेवढ्यात धनगराची कुत्री भुंकत आली आणि लांडगा पसार झाला. पाडस वाचलं, पण त्या दिवसापासून त्याचा खांब झाला. उभं केलं की उभं, बसवलं की बसलेलं. नुसतं गवत सळसळलं तरी पाय आखडायचे, डोळे काचेसारखे व्हायचे.

आता पोरांनो, अशा वेळी मोठ्यांनी काय करावं? त्यांनी त्याचं कौतुक केलं! "याला म्हणतात वळण," लांब शिंगांचा म्हातारा काळवीट सगळ्यांना सांगत फिरायचा. "हूं नाही की चूं नाही. हललं नाही म्हणूनच वाचलं ना? शिका काहीतरी, उनाडांनो!" पाडसाची आई एकटीच काळजीत होती. "मामंजी, ते धड दूधही पीत नाही. आणि लांडगा परत आला तर पळणार कसं?"

"मोठं झालं की पळेल," म्हातारा म्हणाला. मोठं व्हायला आधी जिवंत राहावं लागतं, एवढी साधी गोष्ट त्या एवढाल्या शिंगांखाली शिरत नव्हती.

मग एक दिवस धनगराच्या कळपातलं एक करडू भटकत तिकडे आलं. महाउनाड! गळ्यात घंटी, पायांना चैन नाही. पाडसाला बघून म्हणालं, "काय रे, जिवंत आहेस की जमिनीला चिकटवलंय तुला?" पाडस गप्प. "बरं, नको बोलूस. मी दोनदा पाय आपटतो, तिसरा तू आपट." पाय आपटले तशी गळ्यातली घंटी वाजली, खण खण... आणि करडू थांबलं. काही नाही. खण खण... थांबलं. त्याने भाषण दिलं नाही, घाई केली नाही, आमच्या काळी असं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. ऊन कलेपर्यंत नुसतं खण खण. आणि मग पाडसाचा खूर एवढासा उचलला गेला. टप! "आला रे आला!" करडू आनंदाने असं उडालं की घंटी त्याच्याच नाकावर आपटली.

दुसऱ्या दिवशी खण खण टप, खण खण टप, दिवसभर! तिसऱ्या दिवशी पाडसाने चारही पाय एकदम उचलले, आणि खाली आल्यावर ते थरथरायला लागलं. कान, खांदे, पोट, शेपूट, सगळं. म्हातारा धावत आला. "बंद करा हा नाच! चांगलं शांत पोर बिघडवलंस!"

"आजोबा, ते शांत कुठे होतं?" करडू म्हणालं. "आमच्या कुत्र्यांनी हाकललेला लांडगा अजून त्याच्या अंगात बसलाय. आत्ता कुठे निघतोय. वाट सोडा."

म्हाताऱ्याने शिंगं रोखली, तशी आई मध्ये येऊन उभी राहिली. "मामंजी, मागे व्हा. थरथरू दे त्याला." हिला एवढा मोठा आवाज आहे, हे म्हाताऱ्याला त्या दिवशी कळलं. हळूहळू थरथर ओसरली. पाडसाने एक लांब श्वास सोडला आणि ढुशा मारमारून दूध प्यायलं.

आठवड्याने लांडगा आलाच! तोच वास, तेच गवत. पाडसाचे पाय आखडले, डोळे पुन्हा काच झाले. आईने हाका मारल्या नाहीत. तिने खूर आपटले. टप टप! लांडगा दहा पावलांवर. टप टप! तिसरी टप जमिनीवर पडलीच नाही, कारण पाडस हवेत होतं! काय उडी ती! आणि मागोमाग दुसरी, तिसरी, चौथी! पळता पळता लांडग्याची जीभ लोंबली आणि तो खाली बसला.

पलीकडच्या टेकाडावर कळप थांबला. म्हातारा धापा टाकत म्हणाला, "बघितलंत? माझ्या शिस्तीत वाढलेलं पोर!" त्याचा मागचा पाय मात्र लटलट कापत होता आणि तो चोरून दाबून धरण्याची त्याची धडपड चालली होती. पाडसाने ते पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बोललं, "आजोबा, दाबू नका. कापू दे. भीतीच ती, थरथरलं की जाते."

"गप्प बस!" म्हातारा सवयीने खेकसला.

पाडस काही गप्प बसलं नाही.

तात्पर्य : भीतीने थिजलेल्या पोराला गुणी म्हणून मिरवू नका; त्याला ताल द्या, खेळ द्या, थरथरायला मोकळीक द्या, कारण अंगात शिरलेली भीती अंग हललं तरच बाहेर पडते.