मुरमातली शेवंती

झाडं आणि अवजारं एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. गोदूबाईच्या परसात एक शेवंती होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला दारची फुलं हवीत, म्हणून गोदूबाई तिला सारखं शेणखत घाली, दोन वेळा पाणी देई. शेवंती कमरेएवढी माजली, पण कळी काही धरेना.

एक दिवस ती खुरप्याला म्हणाली, "मला इथून काढ आणि कुंपणाजवळच्या मुरमात, उन्हात लाव."

"वाळशील गं," खुरपं म्हणालं.

"वाळेन, पण फुलून वाळेन."

खुरप्यानं तिला हलवलं. पानं गळाली, शेंडे करपले, तरी ती हटली नाही. पहिल्याच गुरुवारी ती पिवळीधमक फुलली.

गोदूबाई हरखली आणि कौतुकानं शेणखताची पाटी भरायला गेली.

शेवंती खुरप्याला म्हणाली, "चल, आता कुंपणापलीकडे."