धुळव्वाचं अर्धं घोंगडं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते करगुटवाडीतल्या एकाही म्हाताऱ्याला सांगता येत नाही, पण सांगायची हौस मात्र सगळ्यांना, तेव्हा माळाच्या पायथ्याशी धुळव्वा नावाची बाई राहत होती. ती लोकर कातायची. तिच्या टकळीचा धागा इतका एकसारखा यायचा, की त्यावरून मुंगी चालली तर तिला ठेच लागायची नाही, असं म्हणतात.

त्या काळी गावात घरोघर लोकर होती. मेंढरं कातरली की बायका लोकर पिंजायच्या, तिचे लांबट पेळू वळायच्या आणि कातायला बसायच्या. बसल्या की आतून हाक यायची. पाणी दे. भाकरी टाक. पाय दाब. हाक मारणारा खाटेवर लोळत असायचा, आणि उठणारी ज्या हातानं सूत सोडायची त्याच हातानं तांब्या उचलायची. त्यामुळं गावात कुठल्याच घरातलं काम पुरं होत नव्हतं. अर्धी भरलेली टकळी कोनाड्यात, अर्धं विणलेलं घोंगडं मागावर.

आणि याच गावाची समजूत अशी, की पौषातल्या जत्रेला घरात अर्धं काम असू नये. मग काय करायचं? हाका कमी करायच्या? ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. जत्रा जवळ आली की सगळी अर्धी कामं धुळव्वाच्या ओट्यावर आणून टाकायची. ती विधवा, एकटी. "तू मोकळीच हायस," असं म्हणायचे. ती पुरी करायची. असं पंचवीस वर्षं चाललं. तिची बोटं वाकडी झाली, मान एका बाजूला कलली. टकळी फिरायची थांबली तर तिचा श्वासही थांबेल, असं लोक कौतुकानं म्हणायचे. दमलीस का, असं मात्र कुणी विचारल्याचं कुठल्याही म्हाताऱ्याच्या गोष्टीत नाही.

धुळव्वाला एकच लेक, बायडा. तिचं सासर मेंढरांमागं फिरणारं. एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिचा सांगावा आला: पोरगं झालंय, पौषात आम्ही माळावर येऊ, आये, लेकराला पांघराया काहीतरी कर. धुळव्वानं कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर जमवली. तिला जावळ म्हणतात, हाताला दुधाच्या सायीसारखी लागते. एक टोपली भरली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःचं काम घेऊन बसली.

चार पेळू कातून झाले आणि येताळआबा ओट्यापुढं उभे राहिले. आबा म्हणजे पंचांतले थोरले, देवाचे मानकरी.

"धुळव्वा, औंदा देवाला नवं घोंगडं पायजे."

"लेकराचं तेवढं उरकते, आबा. टोपलीभर तर हाय."

"देवाचं मागावर असताना गावात दुसरा धागा काढायचा न्हाई. ठावं हाय न्हवं?"

"देव थंडीनं मरत न्हाई, आबा."

आबांनी ते ऐकलं नाही. ऐकू न येणं हा त्यांचा मानच होता. जाताना म्हणाले, "आणि रुंद कर. पाच माणसं ऐसपैस बसतील एवढं."

म्हणजे घोंगडं देवाच्या नावाचं आणि बसायचं पंचांनी. हे गावातल्या कुत्र्यालाही कळत होतं. पण धुळव्वानं जावळाची टोपली कोनाड्यात ठेवली आणि काळी लोकर पुढ्यात घेतली. चूक तिचीही होती. पंचवीस वर्षांची सवय होती, दुसरं काय.

एकवीस दिवस तिनं कातलं, विणलं, चिंचोक्याची खळ लावली, वाळवलं. रोज कोनाड्याकडं बघायची. एकविसाव्या दिवशी दुपारी घोंगडं देवळापुढं अंथरलं. आकाश काळं झालं होतं, माळावरून बोचरा वारा येत होता. पाच पंच घोंगड्यावर बसले आणि तंबाखू मळायला लागले.

"आता माझं कातू?" धुळव्वानं विचारलं.

आबांनी काठाकडं बोट दाखवलं. "गोंडे कुठं बांधलेत? गोंड्याबिगर घोंगडं पुरं न्हाई. पुरं न्हाई म्हंजे नेम सुटला न्हाई."

"बोटं वळत न्हाईत आबा. गोंडे उद्या बांधते."

"मग तुझंबी उद्या."

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. पंच देवळाच्या ओसरीखाली सरकले, घोंगडंही बुडाखाली ओढून घेतलं. आणि माळावरून बायडाच्या सासरचा मसू धनगर धावत आला, डोकं रक्तानं माखलेलं. म्हणाला, "धुळव्वामावशे, वर सकाळपास्नं गारा चालल्यात, बायडा अडकलीय. कोकरं मरून पडलीत, घोंगडी भिजून दगूड झालीत. धुक्यात वाट दिसंना. लेकरू निळं पडलंय."

पंच म्हणाले, पाऊस थांबू दे, मग बघू.

धुळव्वा थांबली नाही. ती घरी गेली, जावळाची टोपली कमरेला लावली आणि टकळी घेऊन परत आली. घोंगड्याच्या काठाचं सुटं टोक तिनं टकळीला बांधलं आणि माळाची चढण धरली. गोंडे बांधलेले असते, तर धागा सुटलाच नसता. बांधलेले नव्हते. ती चालत गेली तसं घोंगडं उसवत गेलं, ओळीमागून ओळ. पंच गारा मोजत बसले होते. असं म्हणतात, की त्यांना बुडाखाली नुसत्या गुदगुल्या झाल्या. खाली बघितलं तेव्हा पाचही जण उघड्या फरशीवर बसलेले.

गारा तिच्या दोन्ही बाजूंना पडत होत्या, धाग्यावर एकही पडली नाही, असं म्हणतात. चालता चालता टोपलीतलं जावळ काळ्या धाग्यात मिसळत गेलं. टोपली रिकामी झाली तेव्हा तिनं वाऱ्याचा पेळू केला. वारा संपला तेव्हा धुकं कातलं. म्हणूनच धुकं विरलं आणि बायडाची पालं दिसली.

माग नाही, धोटा नाही. नुसत्या वाकड्या बोटांनी तिनं तिथं उभ्याउभ्या घोंगडं विणलं, घडी केली तर ओंजळीत मावेल एवढं, आणि त्यात लेकरू गुंडाळलं. गारा वितळायच्या आत ते रडलं.

मग बायडानं आईकडं नीट बघितलं.

"आये," ती म्हणाली, "दमलीस का गं?"

"व्हय," धुळव्वा म्हणाली, आणि जवळच्या दगडाला टेकून बसली.

ती उठली नाही. बायडानं हात लावला तेव्हा दगड ऊबदार होता आणि त्यावर फक्त टकळी होती. म्हातारे सांगतात, ती देवी झाली. देवी झाली म्हणायला सोपं असतं. दमून मेली म्हटलं, तर कुणी दमवली तेही सांगावं लागतं.

आता करगुटवाडीत मेंढरं थोडी उरलीत. बायका तालुक्याच्या बाजारातून रंगीत लोकरीचे गुंडे आणतात, सुयांवर स्वेटर विणतात, नातवंडांच्या टोप्या करतात, आणि हाक आली की निम्म्यावर ठेवून उठतात. पण पौषात एक दिवस असा येतो. त्या दिवशी देवाच्या घोंगड्याला गोंडे नसतात आणि पंच फरशीवर बसतात. घराघरातली बाई आपलं अर्धं काम घेऊन उंबऱ्यात बसते. चूल पुरुष पेटवतात, भाकऱ्या करपतात, तशाच खातात. तिला कुणी हाक मारायची नाही.

दिवस कलायला लागला की घरातल्या सगळ्यांत थोरल्या पुरुषानं तिच्यापुढं येऊन उभं राहायचं आणि एकदा विचारायचं, "दमलीस का?"

बायका उत्तर देत नाहीत. वरही बघत नाहीत. त्यांची ओळ पुरी होईतोवर त्यानं तिथंच उभं राहायचं असतं.