भुजंगाची अंगाई

एका राज्यात राजवाड्याखाली तळघर होते, तळघरात शापित खजिना होता, आणि खजिन्यावर काळा भुजंग निजला होता. तो जागा झाला की सारे सोने घेऊन पाताळात जाईल, असा एका मांत्रिकाचा शाप. म्हणून राजा वीरकेतूने कुमुदा नावाच्या गायिकेला अंगाई गाण्यास नेमले. तिच्याआधीच्या दोघी गाता गाताच रक्त ओकून मेल्या होत्या.

सूर्य असेतो ती गाई. अंधारात भुजंग आपसूक निजे. घरी येईतो गळ्यात शब्द उरत नसे. नवरा लढाईत पडलेला. लेक पोवळी कुशीत शिरू पाही, तर कुमुदा उपाशीच भिंतीला टेकून झोपलेली. होता होता पोवळीने बोलणे टाकले, मग खाणेही टाकले. वैद्यांनी हात टेकले.

एके सकाळी अंगणातली साळुंकी बोलली, "कुमुदे, भुजंगासाठी जी गाते तिचे मूल आधी मुके होते, मग मरते."

"उपाय सांग."

"तीन कामे. पोटभर जेव. अंग टाकून नीज. मग लेकीजवळ बस. तळघरात जाऊ नकोस."

"राजा सुळी देईल."

"देईल खरा."

कुमुदेने भाकरी भाजली, गरम असतानाच खाल्ली. पोट भरेतो खाल्ली. डोळे मिटले तोच राजवाड्याचा नगारा तिच्या नावाने वाजू लागला. ती दचकून उठली. पोवळीचा गार हात हाती घेतला, पुन्हा आडवी झाली आणि गाढ झोपली.

जागी झाली तेव्हा ऊन कलले होते. पोवळीचा श्वास मंदावला होता. तिला मांडीवर घेऊन कुमुदा फाटक्या आवाजात बोलत राहिली: बाप कसा हसे, तू जन्मलीस तेव्हा कसा नाचला. शिपाई दार फोडून आत शिरले.

तोच धरणी हादरली. तळघरात भुजंग जागा झाला होता. त्याने सोने वेटाळले, आणि सोन्याला मिठी मारून बसलेल्या राजासकट तो पाताळात उतरला.

"आई, भूक लागली," पोवळी म्हणाली. शिपायांचे भाले खाली आले.

राजाची बहीण गादीवर बसली. तिने तळघर बुजवले आणि कुमुदेला बोलावले. "दरबारातल्या मुलींना गाणे शिकवशील?"

"शिकवीन, महाराणी. पण मध्यान्हीपर्यंतच. पुढचा दिवस माझा आणि माझ्या लेकीचा."

"तसे होवो."

कुमुदेचा स्वतःचा सूर पुन्हा कधी लागला नाही. पोवळी मात्र बोलू लागली ती थांबेना, आणि ऐकणारी घरी होती.