उसवलेला टुटू

"पण बाई, सगळ्यात खालचे हे थर मी आणखी किती दिवस शिवायचे?"

ब्रिजिताबाईंनी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवायचा त्यांचा तिसरा प्रयत्न चालला होता.

"दुसरं कोण आहे इथे?" त्या म्हणाल्या.

शर्वाणी दामले लंडनहून नाटकाच्या वेशभूषेची पदवी घेऊन आली होती. वसईजवळच्या एका गावात, केळीच्या बागेमागच्या खोलीत, सत्तरीची एक बाई बॅले नाचणाऱ्या मुलींचे टुटू शिवते, एवढं कानावर आलं आणि ती येऊन धडकली. टुटू म्हणजे कमरेभोवती ताटासारखा आडवा उभा राहणारा तो जाळीचा झगा. थरावर थर, आणि प्रत्येक थराला असंख्य चुण्या.

महिना झाला होता. महिनाभर ती चुण्याच घालत होती.

"तुम्ही हे कुणाकडून शिकलात?" तिने विचारलं.

"एका फाटक्या टुटूकडून."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं झाली. एक परदेशी बाई दुरुस्तीला घेऊन आली होती. मी तो सगळा उसवला. मग परत शिवला."

"आणि त्याचा इतिहास?"

"तो नव्हता त्यात."

शर्वाणीला हसू आलं. इतिहास तिला तोंडपाठ होता.

"पहिल्यांदा हा असा नव्हताच, बाई. अठराशे बत्तीस साली पॅरिसच्या रंगमंचावर एका नर्तकीने घातला, तेव्हा तो पोटरीपर्यंत लांब होता. अगदी धुक्यासारखा. ती परी झाली होती. पुढे दुसऱ्या एका नाचात लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं तसाच झगा घालून यायची. मग पावलांचं कसब दिसावं म्हणून तो आखूड होत गेला. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत, आणि शेवटी असा आडवा."

बाईंचा दोरा ओवला गेला.

"तेव्हा स्टेजवर गॅसचे दिवे असायचे," शर्वाणी रंगात आली होती. "एका नर्तकीच्या झग्याने पेट घेतला. आगीपासून वाचवणारा लेप मिळत होता, पण त्याने जाळी निबर दिसते म्हणून तिने तो लावूच दिला नव्हता. आठ महिने तळमळली आणि गेली."

"वय काय होतं तिचं?"

"ते... नाही आठवत."

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला.

त्याच आठवड्यात लिओना मच्याडो मापं द्यायला आली. दोन गल्ल्या पलीकडची मुलगी, सतरा वर्षांची. आठवड्यातून तीनदा वांद्र्याला नाच शिकायला जायची. यंदा पहिल्यांदाच ती एकटी नाचणार होती.

"हिचा तू शिव," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

शर्वाणीला आकाश ठेंगणं झालं.

तिने पांढरीशुभ्र जाळी निवडली. झग्याला वर जोडलेल्या चोळीवर बारीक चंदेरी पानं काढली. वरच्या थरांवर तर ती जीव तोडून बसली. खालचे मात्र तिने दोन दुपारींत उरकून टाकले.

लिओना फिटिंगला यायची तेव्हा आरशासमोर बराच वेळ हलायचीच नाही. झग्याच्या कडेवरून नुसतं बोट फिरवायची.

"ताई, मी यात पडले तर हा मोडेल का हो?"

"पडायचंच नाही," शर्वाणी तोंडातल्या टाचण्या सावरत म्हणाली.

पुढच्या खेपेला चोळी कमरेत सैल झाली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी सैल.

"नीट जेवत जा की गं," शर्वाणी वैतागली. "मी किती वेळा आत घेऊ?"

लिओना हसली. जाताना दाराच्या चौकटीला धरून ती थोडी थांबली, एवढं शर्वाणीने पाहिलं होतं.

ती गेल्यावर शर्वाणीने कात्री उचलली.

"कापू नकोस," बाई म्हणाल्या. "हूक सरकव."

"जास्तीचं कापड राहतं बाई आत. कमरेची रेषा बिघडते."

"बिघडू दे..."

बाईंना ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मुलीच्या रक्तातच आजार होता. शर्वाणीने कधी कुणाला विचारलं नव्हतं, म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

टुटू पूर्ण झाला त्या दिवशी तिने तो खिडकीत टांगला आणि चारी बाजूंनी फोटो काढले. असा तिने लंडनमध्येही पाहिला नव्हता. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि त्या चहा टाकायला गेल्या.

नवव्या दिवशी लिओनाचे वडील दारात आले. पायांत चपला नव्हत्या.

"सकाळी गेली," ते म्हणाले. "तिच्या आईचं म्हणणं आहे, तोच घालू या."

शर्वाणीने खिडकीतला टुटू उतरवला. तो उतरवताना कड चुरगळू नये म्हणून तिने दोन्ही हात लांब धरले होते. हे तिचं तिलाच कळलं, आणि तिला ओशाळं वाटलं.

मच्याडोंच्या घरी बायकांनी लिओनाला न्हाऊ घातलं होतं. तिला टुटू घातला. हूक शेवटच्या घरात लावले, तरी चोळी सैलच राहिली. मग चौघांनी उचलून तिला पेटीत ठेवलं.

आणि टुटू उभा राहिला.

उभ्या माणसाच्या कमरेला आडवा राहणारा झगा, माणूस आडवं झाल्यावर भिंतीसारखा ताठ झाला. कडा पेटीच्या दोन्ही बाजूंना घासत होत्या. पायथ्याशी बसलेल्या आईला मुलीचं तोंड दिसेना. झाकण तर लागणंच शक्य नव्हतं.

बाहेर फादर येऊन थांबले होते.

"एक करता येईल," शर्वाणी हळूच म्हणाली. "साधा पांढरा फ्रॉक घालू. आणि हा... हा जपून ठेवता येईल. काचेच्या कपाटात. तिची आठवण म्हणून."

आईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती कोणत्या भाषेत बोलतेय ते समजत नसल्यासारखं.

"तिने फक्त तीनदा घातला हो," आई म्हणाली. "आरशासमोर."

ब्रिजिताबाईंनी पिशवीतून कात्री काढली आणि मूठ शर्वाणीकडे करून पुढे धरली.

"बाई... तुम्ही करा ना."

"मला दिसत नाही."

"मला नाही जमणार."

बाईंचा हात तसाच राहिला.

शर्वाणीने ती घेतली.

बायका बाहेर गेल्या. आई तेवढी बसून राहिली. शर्वाणी पेटीशी गुडघे टेकून बसली. आधी मधल्या थरात शिरवलेली पोलादी तार काढायची होती. तिने शिवणीचं तोंड उसवलं आणि तार खेचली. ती अडत अडत बाहेर आली. मग थर एकमेकांना जखडून ठेवणारे टाके. एकेक. तिनेच घातलेले, दिसू नयेत म्हणून जाळीच्याच रंगाच्या दोऱ्याने. आता ते तिचे तिलाच सापडेनात.

"ओढू नकोस," बाई म्हणाल्या. त्या पलीकडे बसून बोटांनी थर वेगळे धरत होत्या. "फाटेल."

"उशीर होतोय बाई. बाहेर सगळे..."

"तिला घाई आहे का?"

शर्वाणीचा हात लिओनाच्या गुडघ्याला लागला. गुडघा थंड होता. तिथे एक जुना खरचटल्याचा वण होता, लहानपणी पडल्याचा असावा. शर्वाणीला पुढचा टाका दिसेना. तिने बाहीने डोळे पुसले आणि परत वाकली.

सगळ्यात खालच्या थरांवर टाके लांब लांब होते. उरकलेले. बाईंचं बोट त्यांवरून फिरलं, थांबलं, पुढे गेलं. शर्वाणी वाट पाहत होती. बाईंनी पुढचा थर वेगळा धरला.

शेवटचा टाका तुटला. बाईंनी ओलं फडकं दिलं. शर्वाणी एकेका थरावरून ते हलक्या हाताने फिरवत गेली. जाळी ताठ ठेवणारी खळ सुटली. जाळी आधी नुसती कलली, मग हळूहळू खाली येऊन लिओनाच्या मांड्यांवर, गुडघ्यांवर निजली. चुण्या विस्कटल्या होत्या. एकही कड धड राहिली नव्हती.

तो धुक्यासारखा झगा पाहून अठराशे बत्तीस हा आकडा शर्वाणीच्या जिभेवर आला. तिने तो गिळला आणि फडकं पिळलं.

आई उठली, उशाशी आली आणि मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने जाळीची एक घडी सारखी केली, शाळेत पाठवताना करावी तशी.

"किती छान दिसतेय," ती म्हणाली. "सुंदर शिवलास गं पोरी."

शर्वाणीने सुटलेले दोरे मुठीत गोळा केले.

झाकण लागलं.

चर्चमध्ये मिस्सा झाली. दफनभूमीत प्रत्येकाने मूठ मूठ माती टाकली. शर्वाणीनेही टाकली. घंटा थांबल्यावर लोक पांगले, आणि त्या दोघी विहिरीच्या वाटेने परत निघाल्या. उन्हं उतरली होती. बाई तिच्या दंडाला धरून चालत होत्या. इतक्या दिवसांत त्यांनी तिचा आधार कधी घेतला नव्हता.

"बाई," शेवटी शर्वाणी म्हणाली, "तुम्ही कधी बोलला नाहीत. निदान आज तरी सांगा. मी शिवलेला टुटू... चांगला होता ना?"

बाई चालत राहिल्या. चार पावलं. पाच...

मग थांबल्या, आणि आपले अधू डोळे तिच्याकडे वळवले.

"कोणता? खिडकीतला, की पेटीतला?"