मेलितोनच्या गाण्यातली मोकळी ओळ

ऐका बाबांनो, फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि फार लांबची. मेक्सिको नावाच्या मुलखात डोंगराच्या कुशीला पेन्यासेका नावाचं गाव होतं, चांदीच्या खाणीचं. तिथं मेलितोन नावाचा एक खोगीर शिवणारा राहायचा. हात चामड्यात आणि डोकं गाण्यात! तिकडं रानावस्तीवरची माणसं जी गाणी म्हणतात, त्यांना रांचेरा म्हणतात. प्रेमाची, दारूची, घोड्यांची, ताटातुटीची गाणी. मेलितोन ती रचायचा. स्वतःचा गळा मात्र असा, की तो गुणगुणला की कोंबड्या आडोशाला पळायच्या. म्हणून तो ओळी सांगायचा आणि गावचे वाजंत्री गायचे. त्याच्या गाण्यानं दगडाला पाझर फुटायचा, असं म्हणतात. दगडाचं मला ठाऊक नाही, पण गावच्या चिक्कू दुकानदाराला फुटायचा.

एके वर्षी खाण ढासळली. रोके नावाचा तरणाबांड गडी आत राहिला तो राहिलाच. त्याच्या बायकोच्या, एल्विराच्या, डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रोज मक्याच्या भाकरी थापायची, नवऱ्याचं ताट वाढायची आणि त्या ताटाकडं बघत बसायची. तिच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरेना. बघता बघता पोरीची नुसती हाडं राहिली.

तेव्हा रोकेची आई, दोन्या तोमासा, मेलितोनच्या दुकानात आली. वडीलधाऱ्या बाईला तिकडं मानानं दोन्या म्हणतात.

"मेलितोन, लेक गेला, मी छाती पिटून रडले, म्हणून अजून जिवंत आहे," ती म्हणाली. "ही सून माझ्या डोळ्यांदेखत वाळून चाललीय. हिला रडव रे बाबा. नाहीतर मला दुसरं मढं उचलावं लागेल."

"रडवतो, दोन्या तोमासा," मेलितोन म्हणाला.

त्यानं गाणं रचलं. एल्विराच्या अंगणात वाजंत्र्यांनी ते म्हटलं. गाव रडलं, गाढवं रडली, देवळाच्या घंटेला घाम सुटला, असं म्हणतात. एल्विरा ताटाकडं बघत बसली. मग त्यानं त्याहून दुःखाचं गाणं रचलं. त्यानं घायपाताच्या पानांतून पाणी ठिबकलं, असं म्हणतात. एल्विरा ढिम्म.

आता आला का पेच! मेलितोननं एक जुनं खोगीर काखेत मारलं आणि तो तिच्याच दारात येऊन शिवत बसला. बघू तरी, बाईचं काय चाललंय. तर काय, समजूत घालायला माणसं येतच होती. एल्विराचे ओठ जरा हलले, की कुणीतरी म्हणायचं, "देवाची मर्जी, बाई!" पुन्हा हलले, की दुसरी म्हणायची, "धीर धर गं!" की तिचं तोंड मिटलंच. मेलितोनची सुई थांबली.

"अरे गाढवा," तो स्वतःलाच म्हणाला, "तू तरी वेगळं काय केलंस? तिचं सगळं तूच बोलून टाकलंस!"

पुढच्या रविवारी भर दुपारी वाजंत्री पुन्हा अंगणात आले. गाणं साधंच होतं, पण मधेच एक ओळ नव्हती. तिथं येऊन वाजंत्री थांबले. लोकांना वाटलं, विसरले! कुणी फिदीफिदी हसलंसुद्धा. ट्रंपेटवाल्याला राहवेना. त्यानं गाल फुगवले, तर मेलितोननं ट्रंपेटच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब," तो म्हणाला. "ही ओळ माझी नाही."

तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास अंगणभर झाला, तरी कुणी हललं नाही. मग एल्विरा उठली. हात पिठाचे तसेच.

"रोके!" ती ओरडली. "अरे, जाताना हाक तरी मारायचीस! मी चुलीपाशीच होते रे!"

पुढं शब्द संपले आणि नुसती आरोळी राहिली. ती डोंगरावर आपटली, खाणीत शिरली आणि खाणीतून धुळीचा लोट बाहेर आला, असं म्हणतात. काहीजण तर सांगतात, आतून ओ आली. मी काही ऐकायला गेलो नव्हतो, पण तोमासा मरेपर्यंत शपथेवर तेच सांगायची. सासू-सून गळ्यात पडून रडल्या. त्या संध्याकाळी एल्विरानं रोकेचं ताट स्वतःपुढं ओढलं आणि ती पोटभर जेवली. पुढं दात पडेपर्यंत जगली.

नंतर शहरातल्या कुणा शहाण्यानं त्या गाण्याची तबकडी काढली. मोकळ्या जागी त्यानं छानपैकी सारंगीसारखं काहीतरी घुसडलं. पेन्यासेकाच्या लोकांनी तबकडी विकत घेतली खरी, पण त्या जागी आली की ते सुई उचलून धरायचे!

मेलितोन जाऊन जमाना झाला. अजूनही त्या गावात लग्न असो की मयत, ते गाणं होतंच, आणि त्या ओळीपाशी वाजंत्री हात आवरतात. ज्याच्या पोटात काही साचलं असेल त्यानं ओरडावं. कुणाचं नाव घ्यावं, शिवी द्यावी, नुसतं हाय हाय करावं. कुणी ओरडलं नाही तर सगळे थांबतात, ऊन उतरेपर्यंत थांबतात. एकदा असेच ताटकळत उभे होते, कुणीच तोंड उघडेना. रस्त्यावर पाणी प्यायला उतरलेला एक परगावचा ट्रकवाला मागं उभा होता. त्याला गाणं ठाऊक नव्हतं, रीत ठाऊक नव्हती. तो एकाएकी "आई गं!" म्हणून असा ओरडला, की हातातलं पाणी सांडलं. त्याला कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या बाईनं त्याचा तांब्या परत भरून दिला, आणि वाजंत्री पुढच्या ओळीवर गेले.