पाठ फिरवलेलं बदक

फार फार वर्षांपूर्वी, समरकंदकडे जाणाऱ्या रेशमाच्या वाटेवर, सोग्द देशातल्या एका तुतीच्या गावात चातीस नावाची विणकरीण राहायची. तोंडाने फटकळ, पण हात असा, की तिने विणलेल्या बदकांना लहान मुलं दाणे टाकायची, असं म्हणतात.

मोत्यांसारख्या ठिपक्यांच्या गोल कड्यात दोन बदकं समोरासमोर विणायची, ही तिकडची रीत. एकट्याचं ते कामच नव्हे. चातीस खाली बसून धोटा फेकायची आणि नक्षीसाठी कुठली दोरी ओढायची ते सांगायची. धाकटी बहीण झीमत मागावर चढून ती दोरी ओढायची. आई गेल्यापासून चातीसनेच तिला वाढवलं होतं.

पुढे झीमतचं लग्न ठरलं. नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्यातला. पूर्वेकडे महिनोन्महिने चालत जायचं, परत येणं नाही. नवरीचा झगा दोघींनीच विणायला घेतला. शेवटचं कडं उरलं आणि चातीसचा जीव कासावीस झाला. जाऊ नकोस, एवढं काही तिच्या तोंडून निघेना. नको ते बोलायला मात्र ही बाई पटाईत! तिने गुपचूप दोऱ्या उलट्या सांगितल्या. कापड उतरवून बघतात तर एका बदकाने दुसऱ्याकडे पाठ फिरवलेली.

असा झगा म्हणजे अपशकुन. गावची म्हातारी माणसं म्हणाली, "मोडलं लग्न."

"माझंच चुकलं," झीमत रडत म्हणाली. "ताईने बरोबर सांगितलं असणार, मीच भलती दोरी ओढली."

हे ऐकून चातीसला राहवेना. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "तिला कुणी बोलू नका. मेलीनं मी सांगितलं तेच ओढलं. मलाच ती जायला नको होती."

"मग तसं म्हणायचंस ना गं, ताई!" झीमत म्हणाली, आणि डोळे पुसून पुन्हा मागावर चढली.

तांडा तीनच दिवस थांबणार होता, आणि नव्या झग्याला लागायचे तीन महिने. पण असं म्हणतात, की नदीवरची बदकं थव्याने अंगणात आली, जोड्या लावून मागाच्या ताण्यावर चढली आणि जिथल्या तिथे रेशमाची झाली. माझा विश्वास आहे, तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्या दिवशी दुपारी झगा तयार! तो घालून झीमत उंटावर बसली आणि गेली. पुन्हा काही ती आली नाही.

आजही त्या गावात नवरी निघाली, की घरातल्या थोरल्या बाईने सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणावं लागतं, "जाऊ नकोस गं." त्याला चातीसचा शब्द म्हणतात. तो ऐकल्याशिवाय नवरी पाऊल उचलत नाही. ऐकते, पोटभर रडते, आणि मग जाते.